ओलावा कापून

इचोड्यात एखादी गोष्ट गुपित ठेवायची असेल तर तिची झेरॉक्स काढू नये. माझ्या प्रमोशनचं पत्र मी प्रत काढायला दिलं आणि परत शाखेत येईपर्यंत मी अधिकारी झालेलो होतो. दारातल्या गार्डनं विचारलं, "प्रमोशन वच्चिंदा सार?" पेन्शनच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "आता हैदराबादले जाता म्हन्ते?" चहावाल्यानं मुद्द्याचं विचारलं, "मिठाई कब?" एका बातमीची तीन भाषांत खात्री झाल्यावर तिच्यावर अविश्वास दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती.

पत्र मात्र एवढं आनंदी नव्हतं. पद घ्या किंवा सोडा, पंधरा दिवसांत लेखी कळवा, असा त्याचा सूर. बँकेत सोडण्याला 'फोरगो करणं' म्हणतात. आमच्याकडे हे क्रियापद इतकं रुळलंय की बायकोही भाजीवालीला "ही मेथी फोरगो कर" म्हणते. प्रमोशन म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे निदान २७० किलोमीटर, हे बँकेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी काउंटरवर २२ वर्षं काढली. मार्च २०२४ च्या वेतन करारात आम्हा कारकुनांचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं. काम तेच, फक्त ओळख करून देताना दम लागतो. त्याच करारात कारकुनाचं मूळ वेतन २४,०५० ला सुरू होऊन ६४,४८० ला थांबतं आणि अधिकाऱ्याचं ४८,४८० ला सुरू होतं. म्हणजे नवा कारकून आणि नवा अधिकारी यांच्यात दुपटीचं अंतर. पण जुना कारकून आणि नवा अधिकारी यांच्यातलं अंतर इतकं बारीक की ते शोधायला मला चष्मा पुसावा लागला.

तरी मी कागद घेतला, मधे रेघ मारली. डावीकडे 'प्रगती', उजवीकडे 'सुख'. डावीकडे खुर्ची, केबिन, सहीचा अधिकार असं भराभर लिहून झालं. उजवीकडे 'मोकळी हवा' लिहिलं आणि पेन अडलं. बायको डोकावून म्हणाली, "अहो, तिसरा रकाना कुठंय?"

"कसला?"

"माझा."

ती मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिक्षिका. तिचं केडर जिल्ह्याचं. ती हैदराबादला येऊ शकत नाही, आणि आली तरी तिथं 'अ' अननसाचा शिकवणार कुणाला? म्हणजे दोन चुली. आई तर आधीच म्हणाली होती, "तुले जायचं तर जाय बाप्पा. मी इथून हलत नाई."

हैदराबादचा मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, लाइफ इथंच आहे." हे तो गच्चीबावलीच्या सिग्नलवरून बोलत होता. आमचं बोलणं पंचेचाळीस मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात त्यानं मेट्रो, मॉल, मोठी हॉस्पिटलं असं सगळं मोजून दाखवलं, आणि फोन ठेवताना तो त्याच सिग्नलवर होता. मी चिडवायला म्हणालो, "माझ्या घरून कुंटालाचा धबधबा तासाभरात गाठता येतो. १४७ फुटांवरून पाणी पडतं." तो म्हणाला, "शेवटचा कधी गेलात?"

इथं मला खोटं बोलता आलं नाही. सहा वर्षांपूर्वी. तेही त्यालाच दाखवायला.

जीवनाचा दर्जा म्हणून आपण ज्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक पाहुण्यांसाठी असतात. शाखेतून घरी मी चालत सात मिनिटांत पोचतो, हे खरं. त्यातून वाचलेल्या वेळाचं काय करतो? मोबाइलवर हैदराबादच्या ट्रॅफिकचे व्हिडिओ बघतो आणि सुखावतो.

आडवाटेला नेमणूक झाली की माणूस संपतो, असं बँकेत मानतात. तसं म्हणावं तर आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यानं उलटेच दाखले ठेवलेत. निजामाच्या नोकरीतले सेतुमाधवराव पगडी याच आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करत होते. साहेबाला इथं राहायचं ते दौऱ्याचा भत्ता मिळेपर्यंत, अशी रीत असताना या गृहस्थांनी गोंडी शिकून घेतली आणि 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' लिहिलं. पुढं ते महाराष्ट्रात गेले, मोठे इतिहासकार झाले, १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं. दुसरे हायमेनडॉर्फ, मानवशास्त्रज्ञ. जन्मानं ऑस्ट्रियाचे, पुढं लंडनमध्ये प्राध्यापक. १९४० च्या दशकात ते मारलवाई या खेड्यात गोंडांसोबत राहिले. लंडनची खुर्ची मिळाल्यावर खरं तर मारलवाई विसरायची. पण त्यांची आणि पत्नी बेटी यांची समाधी आजही मारलवाईत आहे. मी हे सगळं बायकोला भरल्या आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला गोंडी किती येते?" मला पैसे भरायच्या स्लिपपुरती येते. 'इथं अंगठा' एवढं मी उत्तम म्हणतो.

दुखणं निराळंच होतं. गेल्या वर्षी इन्स्पेक्शनला एक साहेब आला. कधीकाळी मी त्याला व्हाउचर कसं लावायचं ते शिकवलं होतं. सूट, हातात टॅब, सोबत दोन माणसं. सगळ्या शाखेसमोर तो जुन्या सवयीनं मला "सार" म्हणाला आणि माझ्या काउंटरवर वाकून सही कुठं करायची ते विचारलं. मला तासभर बरं वाटलं आणि दोन दिवस वाईट वाटत राहिलं. हे दोन दिवस कुठल्या रकान्यात घालायचे ते मला अजून कळलेलं नाही. मुलगी इंटरला आहे, तिचे क्लास हैदराबादला. आईला रात्री काही झालं तर आदिलाबादचं रिम्स हॉस्पिटल तीस किलोमीटर. हेही लिहिलं. कागद भरत गेला आणि मी रिकामा होत गेलो.

चौदाव्या दिवशी एक म्हातारे कास्तकार काउंटरवर आले. "सीसीआयचे पैशे पडले का पाहा सायेब." पडले होते, पण त्यांच्या हिशेबापेक्षा कमी. मी म्हणालो, "काका, कमी कसे?"

"ओलावा," ते म्हणाले. "काट्यावर वजन लै भरलं. मंग त्याइनं मशीन खुपसलं."

सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, असं असतं. कापसात आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव. त्याच्या वर टक्क्याटक्क्याला पैसे कापतात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. काटा खोटं बोलत नाही. पण काट्याला पाणी आणि कापूस यातला फरकही कळत नाही.

त्यांनी पासबुक बंडीच्या खिशात घातलं. "तुमचं परमोशन झालं म्हन्तेत. किती वाढन?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "हा ओला का वाळलेला?"

त्या रात्री मी रेघा मारलेला कागद फाडला आणि नव्यावर एकच आकडा लिहिला. त्यातून हैदराबादच्या खोलीचं भाडं कापलं, दुसरी चूल कापली, दर शनिवार-रविवारच्या बसचं तिकीट कापलं. दुसरा आणि चौथाच शनिवार सुट्टीचा असतो, हे आठवून दोन फेऱ्या परत जोडल्या. तरी ओलावा चौदाच्या वर गेला. गाडी परत. आता त्या साहेबानं "सार" म्हटल्यावर वाटलं ते ओलं का वाळलेलं, हे कुठल्याच मशीनवर कळेना. ते मी तसंच ठेवलं आहे, वखारीत.

पंधराव्या दिवशी फोरगोच्या अर्जावर सही केली. कारणाच्या जागी सगळे लिहितात तेच लिहिलं, 'कौटुंबिक'. झेरॉक्स काढली नाही.

तुम्ही नागपूरकडून हैदराबादला ४४ नंबरच्या हायवेनं जात असाल तर आदिलाबादनंतर अर्ध्या तासानं इचोडा लागतं. चहाला थांबा. साडेपाचनंतर मी मोकळा असतो, मार्च महिना सोडून. पाऊस झाला असेल तर तुम्हाला कुंटाला दाखवीन. तेवढंच माझंही जाणं होईल.