मुहूर्त कसा गाठावा: नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

तुमच्याकडे एखादी वस्तू तयार आहे. अग्निबाण असेल, मोबाइल असेल, नाहीतर रेल्वेगाडी. अभिनंदन, पण फार हुरळून जाऊ नका. वस्तू तयार करणं हे कारागिरांचं काम. ती लोकांसमोर कधी आणायची, ही खरी विद्या, आणि ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. आम्ही बीडचे. एका गाडीची तीस वर्षं वाट पाहिली की माणूस या विषयात आपोआप तज्ज्ञ होतो.

१. श्रीहरिकोट्याच्या नादी लागू नका.

तिथली माणसं हुशार असतील, पण वेळ साधण्याच्या बाबतीत अगदीच कच्ची. मंगळयानाचंच घ्या. २८ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०१३ एवढीच मुदत हातात होती. ती हुकली तर पुढची संधी २६ महिन्यांनी, कारण पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी यायला तेवढा वेळ लागतो. त्यात पॅसिफिकमधल्या वादळी हवेमुळे यानावर लक्ष ठेवणारं जहाज जागेवर उशिरा पोहोचलं. शेवटी ५ नोव्हेंबरला, मंगळवारी, दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी यान उडवलं. ३८ मिनिटं! आपल्याकडे २ वाजून ३८ मिनिटांनी प्रमुख पाहुणे विश्रामगृहावर जेवायला बसलेले असतात.

चांद्रयान-२ ची गोष्ट तर ऐकवत नाही. १५ जुलै २०१९ ची पहाट, प्रत्यक्ष राष्ट्रपती आलेले, आणि ५६ मिनिटं उरली असताना अग्निबाणात बिघाड दिसला म्हणून उड्डाण थांबवलं. पाहुणे हजर, आणि कार्यक्रम रद्द! आठवड्याने, २२ तारखेला, दुरुस्ती करून उडवलं. आमच्याकडे १५ लाच झेंडा दाखवला असता. यान मागाहून उडालं असतं सावकाश.

२. आधी पाहुणा धरा, मग तारीख, मग वस्तू.

हा क्रम पाठ करा. पाहुण्याची तारीख मिळाली की अर्धं काम झालं. वस्तू वेळेआधीच तयार झाली, तर ती बनवणाऱ्या अभियंत्याच्या पाठीवरून हात फिरवा. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

३. एका वस्तूचा एकच शुभारंभ करू नका.

इथे आमच्याकडून शिका. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. खर्च तेव्हा साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, तो पुढे ४,८०५ कोटींवर गेला. सगळा मार्ग एकदम सुरू केला असता तर फीत एकच कापायला मिळाली असती. तुकडे पाडले की बघा: आधी नारायणडोहपर्यंत, मग सोलापूरवाडीपर्यंत, मग आष्टीपर्यंत, मग बीडपर्यंत. परळी अजून शिल्लक आहे, म्हणजे भांडवल संपलेलं नाही. शिवाय चाचणी वेगळी आणि गाडी वेगळी. आष्टीला चाचणीची गाडी २०२१ च्या अखेरीस धावली, प्रवाशांची गाडी २३ सप्टेंबर २०२२ ला. मध्ये जवळपास नऊ महिने. घाबरू नका, निसर्गालाही तेवढेच लागतात.

जमत नसेल तर जवळच्या साखर कारखान्यावर चार दिवस जाऊन बसा. बॉयलरचं अग्निप्रदीपन वेगळं, मोळीपूजन वेगळं, पहिल्या पोत्याचं पूजन वेगळं. साखर एकच, नारळ तीन. आणि मांडवात मागच्या रांगेत बसलेला तोडणी कामगार प्रत्येक नारळाला टाळ्या वाजवतो, कारण तिसऱ्याला पेढा असतो.

४. पंचांग उघडा, पण उघडून मिटा.

मराठी माणूस साडेतीन मुहूर्तांवर जगतो. दसऱ्याला दुचाकी, पाडव्याला फ्रिज, आणि पितृपक्षात चपलासुद्धा नाहीत. २०२५ ला जीएसटीचे नवे दर सरकारनेही पितृपक्ष टळल्यावर, २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू केले. दुकानदारांनी देव पाण्यातून बाहेर काढले. आयफोन १७ मात्र १९ तारखेलाच विक्रीला आला. परदेशी कंपनी, तिला कोण सांगणार!

आता आमच्या गाडीच्या तारखा पंचांगात शोधा. आष्टीची, २३ सप्टेंबर २०२२: भाद्रपद वद्य, पितृपक्ष. बीडची, १७ सप्टेंबर २०२५: भाद्रपद वद्य, पितृपक्ष. ही चूक समजू नका. ज्यांनी या गाडीसाठी मोर्चे काढले, निवेदनं दिली, त्यातले बरेच जण आता पितरांतच आहेत. गोपीनाथ मुंडे २०१४ ला गेले, गाडी बीडला आली २०२५ ला. त्यांना दाखवायची तर याहून सोयीचा पंधरवडा कुठला? तीस वर्षं पिंडाला न शिवलेले कावळे त्या दिवशी इंजिनाच्या शिट्टीसरशी एकदम उतरले असतील, असं आमचं अनुभवी मत आहे.

५. एका तारखेत जास्तीत जास्त प्रसंग बसवा.

१७ सप्टेंबर ही तारीख म्हणजे नमुना आहे. १९४८ ला मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटला तो दिवस, शिवाय पंतप्रधानांचा वाढदिवस. झेंडावंदन, हिरवा झेंडा आणि शुभेच्छांचे फ्लेक्स एकाच मांडवात उरकतात. मांडवाचा खर्च वाचतो. रेल्वेच्या हिशेबात ही बचत कुठे दाखवली आहे का, ते आम्ही पाहिलेलं नाही.

६. शुभारंभानंतरची वेळ हा तुमचा विषय नाही.

नवशिके इथे हमखास फसतात. ‘गाडी सुटणार कधी?’ असं विचारतात. सुटली की! झेंडा दाखवला तेव्हाच सुटली. तरीही हट्ट असेल तर ऐका: बीडहून दुपारी एकला निघते, १६६ किलोमीटरला साडेपाच तास घेते, रविवारी येत नाही. एसटीने निघालेला शेजारी तोवर नगरला काम उरकून चहाला बसलेला असतो. त्याची कीव करा. त्याला खिडकीतून एवढा सावकाश जिल्हा कधी दिसला?

७. पुढच्या टप्प्याची तयारी आत्ताच करा.

परळीकरांनो, हे तुमच्यासाठी. २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे १७ सप्टेंबर गणेशोत्सवात येतो. तेव्हा घाई करू नका, पितरांची गैरसोय होईल. २०२७ ला मात्र ती तारीख पुन्हा बरोबर पितृपक्षात पडते. मांडववाल्याला इसार देऊन ठेवा.