कंपनीच्या खर्चाने मोनालिसा

पॅरिसची मीटिंग आटोपली की आपले साहेब गळ्यातलं ओळखपत्र न काढताच लूव्रमध्ये शिरतात. (मंगळवारी लूव्र बंद, त्या दिवशी कलाप्रेम अत्तराच्या दुकानांकडे वळतं.) मोनालिसा जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच, त्यात काचेआड, पुढे मोबाइलांचं रान. साहेब तिच्याकडे पाठ करून सेल्फी घेतात. म्हणजे तोंड येतं समोरच्या भिंतीवरच्या वेरोनेजेने रंगवलेल्या लग्नाच्या पंगतीकडे. जवळपास दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र! पण साहेबांचं लक्ष स्क्रीनवर, स्वतःच्या केसांकडे. १९११ साली मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा लोक रिकामी भिंत बघायला गर्दी करत. त्यांनी निदान भिंत तरी पाहिली. साहेबांचं तिकीट पुढे खर्चाच्या फॉर्मवर ‘स्थानिक प्रवास’ या रकान्यात मंजूर होतं.