लेकी बोले, स्टेटस लागे

"बाबांना सांग, पान वाढलंय." बाबा चार फुटांवर सोफ्यात बसलेले, कान शाबूत. तरी निरोप दहा वर्षांच्या चिरंजीवांमार्फतच जातो. उत्तरही त्याच टपालाने: "आईला सांग, भूक नाही." अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी पोरगं पदरची भर घालू लागतं. "आई म्हणते, जेवा नाहीतर राहा." आई तसं बोललेली नसते, पण ते खोटंही नसतं.

दोघांतला ताण सोसेना झाला की तिसऱ्याला मध्ये ओढायचं, याला अमेरिकेतल्या मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने 'त्रिकोण' म्हटलं. आमच्या सासवांना ते केव्हाच ठाऊक होतं. लेकी बोले सुने लागे. चार शब्दांत आटोपलं. आता लेक पुण्यात, सून बंगळुरात, म्हणून स्टेटस. मागे सूर्यास्त, वर 'माणसं ओळखायला वेळ लागतो.' कोणाला उद्देशून, ते अख्ख्या ग्रुपला कळतं. सगळे हात जोडतात.

फॅमिली थेरपीचं नाव काढा, की "घरातलं बाहेर कशाला?" बाहेर म्हणजे मावशीला, शेजारच्या काकूंना, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून झालेलं असतंच. राहिलेला असतो तो एकच, ज्याला सांगायचं होतं. त्यातून गेलेच, तर मिक्सर दुरुस्तीला टाकावा तसं पोराला पुढे करतात. "अभ्यास करत नाही, उलटं बोलतो. तासाभरात येतो आम्ही." तुम्हीही बसा म्हटलं, की बाबांना नेमकी मीटिंग आठवते.

बसलेच, तरी तोंड समुपदेशकाकडे. "मॅडम, हिला जरा समजावा." इथे मॅडमनी समजावलं की त्याही टपालखात्यात भरती. साल्वादोर मिनुचिन हा थेरपिस्ट त्यातून अंग काढून घ्यायचा: मला नको, तिलाच सांगा, इथे, आत्ता. एवढ्याने भल्याभल्यांना घाम फुटतो. बायकोकडे बघून सलग दोन वाक्यं बोलायची म्हणजे काय चेष्टा आहे?

तिथे नाही जमलं, तर 1984 चा कुटुंब न्यायालय कायदा आहे. त्यात समुपदेशकाची सोय आहे. शिवाय कलम 13 म्हणतं, इथे वकील हक्काने मिळणार नाही. म्हणजे वीस वर्षं जे टाळलं, ते आता न्यायाधीशांसमोर स्वतःच्या तोंडाने बोला.

घाबरू नका. अर्ज केला तर वकिलाची परवानगी मिळते.