कारखाना एक, दारं दोन

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या कुंपणापाशी, मोठ्यानं बोलायची सोय नाही. कोपऱ्यावरच्या बिल्डरकडे ती नवीन गाडी आलीये ना, काळी, खोलीएवढी... तिची परवा पूजा झाली. तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात म्हणून हुकली तुमची. कोहळा फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, सगळं साग्रसंगीत. बाईसाहेब कांजीवरम नेसून दारात उभ्या. येईल त्याला आत डोकावू देत होत्या, पण बसू कुणालाच दिलं नाही हो! ‘‘चारच सीट आहेत, मुद्दामच.’’ अडीच कोटी मोजून चारच माणसं! समोर 48 इंची टीव्ही, मालक आणि ड्रायव्हरच्या मध्ये काच आणि एक फ्रिज. येलहंका न्यू टाऊनपासून एअरपोर्ट किती लांब, सांगा! फ्रिजमधलं पाणी गार होईपर्यंत टर्मिनल येतं.

तेवढ्यात आमचे हे पुढे झाले. तुम्हाला माहीतच आहे, सगळी नोकरी व्हील फॅक्टरीत गेली, चाक दिसलं की खाली वाकल्याशिवाय राहवत नाही. वाकले, पाहिलं, उठले आणि पंधरा माणसांदेखत म्हणाले, ‘‘म्हणजे ही टोयोटाची वेलफायरच की!’’

अहो, बाईंचा चेहरा...! पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरला होता, तो तसाच मागे गेला. ‘‘अंकल, लेक्सस एलएम आहे ही. वेलफायर नव्हे.’’ अंकल! ह्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान असतील बाई. मुलगा बिचारा शहाणा निघाला. हळूच म्हणाला, ‘‘अंकल इज राइट, मम्मी, प्लॅटफॉर्म सेम आहे.’’ मग काय, मम्मीनं त्याच्याकडे असं पाहिलं...

तर काय सांगत होते, ह्यांचं चुकलं कुठे? लेक्सस टोयोटाचंच लेकरू. सांगाडा तोच, अडीच लिटरचं हायब्रिड इंजिन तेच, थोडी ताकद इकडेतिकडे. नवी वेलफायर 2023 साली आली तेव्हा 1 कोटी 20 लाखांना होती आणि ही एलएम पुढच्या वर्षी आली ती सात सीटची 2 कोटींना, चार सीटची अडीचला. म्हणजे तीन सीट काढल्या आणि 50 लाख वाढवले! आपल्या बंगळुरूच्या बीएमटीसी बसवाल्यांना कळलं तर उद्या उभ्यानं न्यायचे जादा पैसे मागतील.

आणि टोयोटा म्हणजे इथे कोण? आपले किर्लोस्करच ना! बेळगावात सायकलचं दुकान काढणारे लक्ष्मणराव, 1910 मध्ये औंधच्या संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी वसवणारे, त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर. आजोबा शंतनुराव एमआयटीत शिकले, नातूही तिथेच शिकला. 1997 मध्ये जपान्यांबरोबर इथे जवळच बिडदीला कारखाना काढला, क्वालिस आली, मग इनोव्हा आली. 2022 च्या नोव्हेंबरात गेले हो, चौसष्टाव्याच वर्षी. आता मुलगी मानसी व्हाइस चेअरपर्सन. आणि ती दिली कुठे? टाटांकडे! नोएल टाटांची सून. म्हणजे माहेरी लेक्सस, सासरी जग्वार-लँड रोव्हर. दिवाळसणाला जावई कोणत्या गाडीतून गेला असेल, मला तर राहून राहून तेच...

नाही, पण जपान्यांची गंमत ऐका. 1989 साली अमेरिकेत पहिली लेक्सस आणली, एलएस 400. त्याआधी अमेरिकेशी करार होऊन जपानी गाड्यांच्या आकड्यावर मर्यादा आली होती. मोजक्याच गाड्या पाठवायच्या, तर महागच का पाठवू नयेत? बरोबर ना, बाजारात दोनच पिशव्या नेता आल्या तर आपणही आधी हापूसच भरू. पण टोयोटाचं नाव म्हणजे तिथे काटकसरी माणसाची गाडी. म्हणून नाव वेगळं, शोरूम वेगळी, माणसं वेगळी. होंडानं अक्युरा काढून आधीच वाट दाखवली होती. किंमत लावली 35 हजार डॉलर, मर्सिडीजच्या तसल्या मोठ्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास. जर्मनांचे चेहरे पडले असतील नाही? जाहिरातीत तर बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला आणि गाडी रोलरवर पळवली. एक ग्लास हलला नाही!

आणि वर्ष संपायच्या आत नाक कापलं जायची वेळ. ब्रेकलाइटच्या वायरिंगमध्ये खोट निघाली, क्रूझ कंट्रोलचाही काही प्रॉब्लेम होता. आठेक हजार गाड्या परत बोलवायच्या. दुसऱ्या कुणी पत्र पाठवलं असतं, ‘या आमच्याकडे, बसा रांगेत’. लेक्ससवाल्यांनी माणसं घरोघर पाठवली. गाडी उचलली, दुरुस्त केली, धुतली, पेट्रोलची टाकी भरली आणि दारात आणून उभी केली. लेक्ससची पत तिथे झाली, शॅम्पेननं नाही, असं आमचे हे म्हणतात. मलाही ते पटतं. नाहीतर आपल्या ओळखीतल्या त्या मामी... जर्मन गाडीच्या शोरूममध्ये गेल्या, कुठल्या ते नका विचारू. पायात हवाई चप्पल होती. सेल्समननं मान वर करून पाहिलं नाही. मामींनी मल्लेश्वरमच्या दोन साइट विकल्या होत्या हो त्याच आठवड्यात!

लेक्ससवाल्यांकडे शोरूमला शोरूम म्हणायचं नाही. ‘गेस्ट एक्सपीरियन्स सेंटर’! गिऱ्हाईक नाही, पाहुणा. बिल्डरबाईंनी चारदा ऐकवलं, ‘‘वी वेअर गेस्ट्स.’’ पाहुण्याकडून कुणी अडीच कोटी घेतं का, विचारणार होते. पण पेढा अजून मिळायचा होता.

आणखी एक, हे कुणाला सांगू नका. खुद्द जपानात 2005 पर्यंत लेक्सस नावाचं काही विकतच नव्हते! तीच एलएस तिथे टोयोटा सेल्सिऑर. घरच्यांना घरचं नाव आणि अमेरिकेला...

तर काय सांगत होते, बिडदी. लेक्सस इथे 2017 साली आली तेव्हा सगळ्या गाड्या बाहेरून यायच्या. तयार गाडी बोटीतून उतरवली की किमतीएवढी ड्युटी. सुटे भाग आणून इथे जोडले की ड्युटी कितीतरी कमी. मर्सिडीजनं हे 1990 च्या दशकातच ओळखलं, आपल्या पुण्यात टाटांच्या टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला घेतल्या, आता चाकणला मोठा कारखाना आहे. लेक्ससनं 2020 मध्ये ईएस 300एच बिडदीला जोडायला घेतली, किंमत 51 लाख 90 हजारांपासून. शेजारी तिची बहीण कॅमरी, तेच इंजिन, तेव्हा 37-38 लाख. एकाच कणकेची एक साधी पोळी, एक पुरणाची. पण पुरण चांगलं आहे हं, खोटं कशाला बोलू. आमच्या ह्यांच्या मित्राच्या मुलाची ईएस आहे, मी बसलेय. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर अर्धा तास अडकलो होतो, आवाज म्हणून नाही. मी चक्क झोपले.

पण सरळ स्वस्त करतील तर कसली लक्झरी? 2024 च्या मे महिन्यात टाटांनी रेंज रोव्हर पुण्यात जोडायचं जाहीर केलं आणि किमती अठरा ते बावीस टक्क्यांनी उतरल्या. ज्यांनी एप्रिलमध्ये घेतली त्यांची तोंडं आठवा! महाग वस्तूचा भाव पडला की जुन्या गिऱ्हाइकाचा अपमान होतो. म्हणून तर चार सीटची एलएम अजून बोटीतूनच येते, मला विचाराल तर. गल्लीत दुसरी दिसायलाच नको. तशीही देशात शंभरात एखादीच गाडी लक्झरी म्हणावी अशी विकली जाते. सगळ्यांत पुढे मर्सिडीज, तिच्या 2024 मध्ये 19,565 गेल्या. मारुती एवढ्या चार-पाच दिवसांत विकते.

माझं मत म्हणाल, तर ईएस घेणारा गाडी घेतो. एलएम घेणारा बाकीच्यांचं तोंड विकत घेतो. परवा मिळालंच की त्यांना, आम्ही पंधराजण उभे होतो.

बरं, निघते, कुकर लावलाय. हां, एक राहिलंच! तुमच्या भाच्याची गाडी अजून महाराष्ट्र पासिंगचीच आहे ना? कर्नाटकातला रोड टॅक्स भारी म्हणून लोक पाँडिचेरीचे नंबर लावून फिरायचे. 2025 च्या फेब्रुवारीत आरटीओनं एका फेरीत 30 महागड्या गाड्या उचलल्या. जुलैत तर महाराष्ट्र पासिंगची एक फेरारी धरली, साडेसात कोटींची. टॅक्स आणि दंड मिळून 1 कोटी 42 लाख भरले मालकानं. भाच्याची साधी वॅगन-आर असेल, पण नियम सगळ्यांना तोच. वर्ष भरायच्या आत टॅक्स भरून टाकायला सांगा त्याला.