एकवीस जूनचा मानपान

मानपानाच्या बाबतीत आपण फार काटेकोर. व्याह्यांच्या आत्याच्या जावेला लग्नात साडी जरा हलकी गेली, तर तो विषय तिच्या नातवाच्या मुंजीतही निघतो. अशा समाजात वर्षातला सर्वांत मोठा दिवस दर जूनच्या एकवीस तारखेला येतो, पुण्यात सव्वातेरा तास थांबतो आणि त्याला कोणी साधं 'बसा' म्हणत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तरायणाचं बघा. संक्रांतीला तिळगूळ, हलव्याचे दागिने, काळ्या साड्या, पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि वाणात आलेले प्लॅस्टिकचे डबे. वास्तविक सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. आपण तिळगूळ वाटतो तीन आठवड्यांनी, जानेवारीच्या मध्यावर. हा फरक अयनचलनामुळे पडला असं खगोलवाले सांगतात. मला त्यात आपल्या सगळ्या कार्यक्रमांची पद्धतच दिसते. दक्षिणायन मात्र अगदी वेळेवर सुरू होतं आणि त्याच्या वाट्याला कॅलेंडरवरची एक बारीक ओळ येते. आमच्याकडे तीही 'दूध अर्धा लिटर जादा' या नोंदीखाली गेलेली असते.

पुराणांनीही त्याला हात दिला नाही. उत्तरायण म्हणजे देवांचा दिवस, दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र. भीष्म शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहत राहिले. दक्षिणायनासाठी कोणी पाच मिनिटं थांबल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे इकडे आपला दिवस सर्वांत मोठा आणि तिकडे देवांकडे दिवेलागण. पुढे आषाढी एकादशीला तर विष्णू चार महिने झोपायलाच जातात. यजमानच अंथरूण घालायला लागल्यावर पाहुण्याने काय करायचं?

हा अन्याय दूर करावा म्हणून मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत २१ जून साजरा करण्याचा ठराव मांडला. सेक्रेटरींनी आधी विचारलं, "वर्गणी किती?" आणि मग विचारलं, "कशाची?" तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मोठा दिवस कसला साजरा करताय? पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं, रात्री अकराला ओटा आवरतो. माझा रोजच मोठा असतो." यावर खगोलशास्त्राकडे उत्तर नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सर तेवढे माझ्या बाजूने उभे राहिले. पण सर बाजूने उभे राहिले की ठराव पडतो. त्यांनी सांगितलं, की २० जून आणि २१ जून यांच्या लांबीत दोन सेकंदांचाही फरक नसतो. शिवाय पुण्यात सर्वांत लवकर सूर्योदय जूनच्या सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो. "मग २१ जूनला नेमकं काय होतं?" सेक्रेटरींनी विचारलं. "योगदिन," कोणीतरी म्हणालं. खरंच आहे. २०१५ पासून जगभर त्या दिवशी योगदिन असतो, आणि तारीख निवडताना मोठ्या दिवसाचाच दाखला दिला होता. त्यामुळे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सकाळी सात वाजता आमची अख्खी सोसायटी पार्किंगमध्ये शवासनात असते.

माझा भाचा स्टॉकहोमला असतो. तिकडे या दिवसाचे काय लाड! दिवस साडेअठरा तासांचा. सरकारने सण १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी नेमून टाकलाय, म्हणजे शनिवार-रविवारही हाताशी लागतात. पानाफुलांनी सजवलेला उंच खांब उभा करतात, डोक्यावर फुलांचे मुकुट घालतात, मुरवलेले हेरिंग मासे, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खातात आणि खांबाभोवती बेडकांचं गाणं म्हणत उड्या मारतात. भाच्याने व्हिडिओ पाठवला होता. त्याचा टीम लीडर, वय पन्नास, मनापासून बेडूक झाला होता.

"हे लोक शुद्धीवर असतात ना?" आमच्या आईने विचारलं. भाचा म्हणाला, "आजी, इथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. तूही उड्या मारल्या असत्यास."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याचा तुटवडा, त्याचा उत्सव. आपल्याकडे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, मराठवाड्यात टँकरमागे रांगा लागतात. अशा माणसाला जूनमध्ये 'चला, सूर्याचं कौतुक करू' म्हणालात, तर तो हातातला हंडा खाली ठेवून तुमच्याकडे वळेल. त्याच सुमाराला सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो आणि शेतकरी पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतो: बेडूक, म्हैस की हत्ती? म्हणजे पाऊस बरा. बेडूक दोन्हीकडे आहेच; तिकडे तो उन्हासाठी नाचतो, इकडे पावसासाठी. सूर्य ढगाआड गेला, हाच आपला सण.

तरीही मानपान राहू नये म्हणून एक सुचवतो. येत्या २१ जूनला दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांनी पुणेकरांनी गच्चीवर एक काठी सरळ उभी धरावी. एरवी वर्षातले बहुतेक दिवस भर दुपारची सावली उत्तरेला पडते. त्या दिवशी ती दक्षिणेला पडलेली दिसेल, मीटरभर काठीची जेमतेम नऊ सेंटिमीटर. वर्गणी लागत नाही, ठरावही लागत नाही. आणि ढग असले, तर धरणात पाणी येतंय असं समजून खाली या.