पाच पूर्णांक एक दशांश

मध्यमवर्गीय घरात सोफ्याची जागा वास्तुशास्त्र ठरवत नाही. बिल्डरने ज्या भिंतीवर टीव्हीचा पॉइंट दिलेला असतो, तिच्या समोरची भिंत सोफ्याची. तिथे तो एकदा पाठ टेकून बसला की पोरं मोठी होतात, कव्हरं बदलतात, कर्जाचे हप्ते फिटतात, पण सोफा हलत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तेवढा वीतभर पुढे येतो, पोटाखालची दोन पेनं आणि रिमोटचं झाकण परत करतो आणि पुन्हा भिंतीला जाऊन चिकटतो. त्यामुळे ‘सोफा तीन फूट पुढे घ्यायचाय’ असं आमची कन्या म्हणाली, तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं, “का? कोण येतंय?”

येत होते पाच स्पीकर आणि एक काळी पेटी. कन्येला नोकरी लागून बरे पैसे साठले होते. आमच्या पिढीने पहिल्या कमाईतून आईला साडी घेतली; हिने घराला सराउंड साउंड घ्यायचं ठरवलं.

या प्रकाराला फाइव्ह पॉइंट वन म्हणतात. समोर डावा, उजवा आणि मधला, मागच्या बाजूला दोन, असे झाले पाच. उरलेला दशांश म्हणजे सबवूफर. त्याच्या वाट्याला फक्त खालचे, साधारण १२० हर्ट्झच्या आतले घुमारे. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्या मानाने हा तुकडा एवढासा, म्हणून त्याला पूर्णांक धरत नाहीत. आकाराने मात्र हा दशांश पाचही पूर्णांकांना पुरून उरेल एवढा होता, आणि खोक्यातून बाहेर काढताना पाठीत उसण भरली ती त्याच्यामुळेच.

खोक्यावर ‘डॉल्बी’ लिहिलेलं कन्येने वाचून दाखवलं आणि आई एकदम सावरून बसली. ती मूळची साताऱ्याची. तिकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली, खिडक्यांच्या काचा थरथरवणारी भिंत. “अगं, घरात कसली डॉल्बी? पोलीस येतील!” रे डॉल्बी या सज्जन गृहस्थाने नाव कमावलं ते टेपमागची खरखर कमी करून. १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता आणि इथून लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली. गणपतीच्या मिरवणुकीत त्याचं नाव कशाला चिकटणार आहे, याची कल्पना तेव्हा ना त्याला होती, ना साताऱ्याला.

तसं पाहिलं तर या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एका नवऱ्याची कुरकुर आहे. ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावर माणूस चालत एका टोकाला गेला, तरी त्याचा आवाज आपला एकाच जागेवरून येत राहिला. बाकीचे नवरे अशा वेळी पॉपकॉर्नच्या किमतीवर बोलतात. याने बायकोला सांगितलं, आवाज माणसाच्या मागे न्यायची युक्ती मला सुचलीय. आणि १९३१ च्या डिसेंबरात स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केलासुद्धा. पुढे १९४० मध्ये डिस्नेने ‘फँटेझिया’साठी आवाज थिएटरभर खेळवला, पण ती यंत्रं बसवायचा खर्च इतका, की मोजक्याच शहरांतल्या लोकांना तो ऐकायला मिळाला.

ही माहिती कन्या आजीला मोठ्या उत्साहाने देत होती. आजीने जांभई आवरत म्हटलं, “आम्ही ‘मिनर्व्हा’त ऐकलंय गं हे. ‘शोले’ला. नाणं खळकन वाजलं तसे तुझे आजोबा खुर्चीखाली वाकून बघायला लागले.” १९७५ चा तो सत्तर एमएम, स्टिरिओफोनिक ‘शोले’. त्या नाण्यापायी खुर्च्यांखाली शोधाशोध केलेल्यांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण त्यांतले एक आमचे अण्णा असतील असं वाटलं नव्हतं. अण्णा तसे हिशेबी; नाणं दुसऱ्याचं असतं तरी वाकले असते.

आता सोफ्याकडे वळू. या शास्त्राचं म्हणणं असं, की ऐकणाऱ्याने मधोमध बसावं. समोरचे दोन स्पीकर त्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरा मागे, आणि सगळे शक्यतो सारख्याच अंतरावर. कन्येने माझ्या शाळेतला कोनमापक शोधून काढला, सोफ्याला सुतळी बांधली आणि फरशीवर खडूने रेघा मारल्या. आमचा डोंबिवलीचा हॉल दहा बाय चौदा. त्यात ११० अंशांची डावी रेघ गेली स्वयंपाकघराच्या दारात आणि उजवी थेट देव्हाऱ्याला भिडली. आईने हरकत घेतली नाही. “देवालाही ऐकू दे काय चाललंय ते,” एवढंच म्हणाली. बायकोने मात्र दाराच्या मधोमध स्पीकरचं स्टँड ठेवायला साफ नकार दिला. वाटाघाटीअंती स्पीकर दाराच्या चौकटीवर चढला. चौकटीवरचं बीम काँक्रीटचं निघालं आणि हॅमर ड्रिलने असा टाहो फोडला, की सोसायटीत दुपारी दोन ते चार शांतता पाळायची असते याची सेक्रेटरींनी फोनवरून आठवण करून दिली.

मला यात खटकलं ते वेगळंच. एवढी भूमिती कोणासाठी, तर एका माणसासाठी! मधल्या जागेवर बसलेल्यालाच हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटणार; शेजारच्याला ते एका कानाजवळून, आणि खाली चटईवर बसलेल्याला बहुधा सोफ्याच्या हातावरून. आपल्याकडे एका माणसाने एकट्याने सिनेमा कधी पाहिलाय? एकजण बघतो, दुसरा येता-जाता बघतो आणि तिसरा ‘हा मघाशी मेला होता ना?’ विचारायला येतो.

वायरिंगला आलेल्या वायरमनने लाल-काळ्या वायरींचा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. “काहीही लावा हो, एसी करंट आहे.” एकच स्पीकर असता तर त्याचं खरं होतं. पण दोघांपैकी एकाची वायर उलटी लागली, की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात आणि गाणाऱ्याचा आवाज मध्ये उभा राहायचा सोडून खोलीभर पातळ पसरतो. कन्येने त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या.

मग आली सबवूफरची पाळी. चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण अठ्ठावीस फूट लांब असते. आमचा हॉल चौदा फूट. ती बिचारी भिंतीवर आपटून परत फिरते, येणारीला जाणारी भेटते. काही ठिकाणी दोघी मिळून दणका देतात, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. पेटी कुठे ठेवली की दणका नीट येईल, हे शोधायची जगभर मान्य असलेली पद्धत अशी, की पेटी स्वतः जिथे बसतो तिथे ठेवायची, तीवर घुमणारं काहीतरी लावायचं आणि आपण चार पायांवर रांगत भिंतीकडेने ऐकत फिरायचं. जिथे बरं वाटेल, तिथे पेटी.

तर आईची सोफ्यावरची जागा पेटीला दिली. आई खुर्चीवर. पेटी धूम-धूम करते आहे आणि पदवीधर, पगारदार नात भिंतीला कान लावून रांगते आहे. आई थोडा वेळ बघत राहिली.

“कानातलं पडलं का गं?”

“नाही आजी, बेस शोधतेय.”

“सोन्याचं होतं?”

बेस सापडला तो चपलांच्या रॅकपाशी. रॅक दाराबाहेर गेला. सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला.

यानंतरचं काम यंत्र स्वतः करतं. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर एक छोटा माइक ठेवायचा. प्रत्येक स्पीकरमधून फुर्रर्र असा आवाज येतो आणि यंत्र अंतर मोजतं. आवाज एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद घेतो. म्हणून जवळच्या स्पीकरला थोडं थांबवून ठेवतात. पंगतीत ज्याचं पान आधी वाढलं, त्याने शेवटचं पान वाढेपर्यंत भाताला हात लावायचा नाही, तसं. मोजणी चालू असताना घरात पूर्ण शांतता हवी. पंखा बंद, फ्रिज बंद, आम्ही श्वास धरून. तेवढ्यात कुकरची शिट्टी. पडद्यावर पाटी: आजूबाजूला आवाज फार आहे. पुन्हा सुरुवात. भंगारवाला. पुन्हा. समोरच्यांच्या बाळाचं रडणं. अखेर मोजणी जमली ती रात्री, सगळी बिल्डिंग झोपल्यावर. यंत्राच्या मते सबवूफर आमच्यापासून एकवीस फुटांवर होता, म्हणजे भिंत ओलांडून कुलकर्ण्यांच्या बेडरूममध्ये. हे चुकीचं नसतं म्हणे. पेटीतल्या फिल्टरमुळे आवाज निघायलाच उशीर होतो आणि यंत्र त्या उशिराची फुटं करतं.

फायदा झाला बायकोचा. कन्येने हॉलमध्ये टाळी वाजवली आणि टाळीमागे टर्रर्र असा शेपटा ऐकू आला. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोठी काच. आवाजाला बसायला जागाच नाही. उपाय काय, तर जाड पडदे, सतरंजी आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. वर्षानुवर्षं ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून टाळलेले पडदे शास्त्राच्या शिफारशीने चार दिवसांत लागले. माळ्यावरचे दिवाळी अंक खाली आले. पुस्तकांच्या कमी-जास्त कडांवर आवाज विखुरतो, असं कन्येने सांगितल्यावर मी ते मुद्दाम वेडेवाकडे लावले. छताकडे तोंड करून आवाज वर फेकणारे आणखी दोन स्पीकरही मिळतात, तो छताला आपटून पावसासारखा खाली येतो. त्या बेताला पंखा आडवा आला. पंखा काढायचं कोणी नावही काढलं नाही.

उद्घाटनाला कन्येने हेलिकॉप्टरं लावली. १९७९ चा ‘अपोकॅलिप्स नाऊ’. आवाज गोल फिरवायची ही रीत त्या सिनेमाने रुळवली. हेलिकॉप्टर देव्हाऱ्यावरून उठलं, स्वयंपाकघराच्या चौकटीवरून वळलं, टीव्हीत शिरलं. बायकोने खरंच मान फिरवून मागे पाहिलं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि तुमच्याकडे रात्री पलंग सरकवतात का, असं नम्रपणे विचारून गेले. मग पेटीखाली रबर आलं आणि रात्रीपुरता तिचा आवाज उतरला.

मधली जागा मात्र कन्येला मिळाली नाही. सोफ्याच्या त्याच गादीवरून आईला आधाराशिवाय उठता येतं, त्यामुळे माइकही तिच्याच कानांच्या उंचीवर, दोन डब्यांवर ठेवला होता. संध्याकाळी सात ते नऊ ती मालिका बघते. मालिकेत मागच्या स्पीकरांना काही काम नसतं. पण संवाद येतात मधल्या स्पीकरमधून, आणि कन्येने फक्त त्याचाच आवाज तीन डेसिबलने वाढवून दिला. आईला कमी ऐकू येतं. आजवर ती चेहऱ्यांवरून कथा लावत असे आणि उरलेलं आमच्याकडून विचारून घेत असे. आता शब्द न् शब्द कळायला लागला.

पहिला भाग संपला. आईने चष्मा काढून पुसला.

“ही मोठी सून इतकं घालून-पाडून बोलते होय? मी हिला इतके दिवस गरीब समजत होते.” आणि कन्येकडे वळून म्हणाली, “उद्या मागचे भाग लाव. सगळे.”