मूळ संहितेच्या काकू

आमच्या सोसायटीत मालिका बघणारे दोन प्रकारचे आहेत: पुस्तक न वाचता बघणारे, आणि काकू.

काकू संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. पाठभेद त्यांना खपत नाही. दूरदर्शनवर ‘स्वामी’ लागायची तेव्हा रणजित देसाईंची कादंबरी मांडीवर उघडी ठेवून त्या बसायच्या आणि एखादा प्रसंग गाळला गेला, की “पान खाल्लं मेल्यांनी!” असं ओरडायच्या. सध्या त्यांच्या तावडीत ‘आऊटलँडर’ सापडली आहे.

गोष्ट अशी, की दुसऱ्या महायुद्धातली एक नर्स, क्लेअर, १९४५ साली स्कॉटलंडात नवऱ्यासोबत फिरायला जाते, तिथल्या उभ्या शिळांपैकी एकीला हात लावते आणि थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथे तिला तांबड्या केसांचा जेमी फ्रेझर भेटतो. पुढे किल्ट, तलवारी, ताटातूट आणि पुन्हा भेट. डायना गॅबल्डनबाईंची पहिली कादंबरी आली १९९१ मध्ये, नववी २०२१ मध्ये. मालिका सुरू झाली २०१४ मध्ये. काकूंनी नऊच्या नऊ ठोकळे वाचलेत, तेही समासात शिसपेन चालवत.

क्लेअर पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हाच काकूंनी रिमोट उचलला. “डोळे निळे! पुस्तकात व्हिस्कीच्या रंगाचे लिहिलेत.” काकूंनी जन्मात व्हिस्की चाखलेली नाही; पण नटीच्या डोळ्यांत ती नाही, एवढं त्यांना सोफ्यावरून दिसलं.

खरं भांडण पेटलं ते मर्टावरून. हा जेमीचा धर्मपिता, दाढीवाला, तुसडा आणि काकांचा लाडका. कादंबरीत तो कलोडनच्या लढाईत मरतो. मालिकावाल्यांनी त्याला वाचवलं, समुद्रापार अमेरिकेत नेलं आणि पाचव्या सीझनपर्यंत जगवलं. त्या सगळ्या काळात काकूंनी त्याची दखल घेतली नाही.

“अगं, बोलतोय बघ काय तो!”

“तो गेलाय.”

“अगं, समोर उभा आहे!”

“पुस्तकात गेलाय.”

एकदा काकांना कुठूनसं कळलं, की गॅबल्डनबाई ॲरिझोनात राहणाऱ्या, विद्यापीठात विज्ञान शिकवणाऱ्या. ‘डॉक्टर हू’च्या एका जुन्या भागात किल्ट घातलेला पोरगा दिसला, म्हणून त्यांनी कादंबरी स्कॉटलंडात घडवली. लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी स्कॉटलंड पाहिलंसुद्धा नव्हतं. काकांना वाटलं, आता जिंकलो.

“म्हणजे बाईंनी सगळं मनानंच रचलं की!”

“लिहिणारीनं रचावं,” काकू म्हणाल्या. “दाखवणाऱ्यानं दाखवावं. मध्ये आपली अक्कल घालू नये.”

अशा काकू आमच्यासोबत स्कॉटलंडच्या सहलीला आल्या. डूनच्या किल्ल्यात गाईड चौदाव्या शतकातल्या ड्यूक ऑफ अल्बनीची माहिती देत होता, तर काकू मागून आमची समजूत दुरुस्त करत होत्या: “ड्यूक वगैरे राहू दे. हा लीऑकचा वाडा. जेमीच्या मामाचा.” इतक्यात त्यांना समजलं, की तिथल्या ऑडिओ गाईडमध्ये सॅम ह्यूअनचा, म्हणजे खुद्द पडद्यावरच्या जेमीचा, आवाज आहे. काकूंनी तो तुकडा तीनदा ऐकला.

“उच्चार तपासत होते,” हेडफोन उतरवताना त्या म्हणाल्या.

मिडहोपला जेमीचं घर म्हणून दाखवलेली इमारत बाहेरूनच बघायची असते; आत पडझड, प्रवेश नाही. बाकीचे हिरमुसले. काकू मात्र खूश. “आतलं सगळं पुस्तकात आहे,” म्हणून त्यांनी दाराबाहेर उभं राहून आम्हाला खोल्या सांगितल्या. जिना कुठल्या बाजूला, यावर एका कॅनडावाल्या बाईंशी त्यांचा वादही झाला. दोघी आपापल्या पानांवर ठाम होत्या.

शेवटचा मुक्काम कलोडन. १६ एप्रिल १७४६ ला इथे तासाभराच्या आत राजाविरुद्ध बंड केलेल्या जॅकोबाइट सैन्याचा निकाल लागला. माळावर कुळांच्या नावांचे दगड आहेत. त्यांतल्या फ्रेझर कुळाच्या दगडाशी मालिकेच्या चाहत्यांची इतकी रीघ लागली, की गवत तुडवलं जाऊन भोवती कुंपण घालायची वेळ आली. आम्ही पोचलो तेव्हाही तिथे दोघीतिघी डोळे टिपत उभ्या होत्या.

काकांनी टोपी काढली. काकूंना म्हणाले, “बघ, मालिकेनं केवढा जीव लावलाय लोकांना. रडताहेत बिचाऱ्या जेमीसाठी.”

काकूंनी त्या बायकांकडे एकवार पाहिलं. नापास विद्यार्थ्यांकडे बघावं, तसं.

“वेड्या आहेत,” त्या म्हणाल्या. “जेमी इथं मेलाच नाही. तिसरं पुस्तक, पहिलंच प्रकरण.”